खानदेशातील स्त्री-अत्याचार प्रतिबंध

स्त्रियांना होणारी मारहाण, लैंगिक बळजबरी, मानसिक छळ, धाकदपटशा व सामाजिक बहिष्कार यांना आळा घालण्यासाठी शासनाने केलेले कायदे, उभारलेली यंत्रणा आणि आखलेल्या योजना यांचा समावेश स्त्री-अत्याचार प्रतिबंधाच्या धोरणात होतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९९३ मध्ये स्त्रियांवरील हिंसाचारासंबंधी जाहीरनामा संमत केला. त्यात या हिंसाचाराची तीन क्षेत्रे सांगितली आहेत : कुटुंब, समाज आणि राज्यसंस्था. खानदेशच्या, म्हणजे मुख्यत्वे जळगाव व धुळे या जिल्ह्यांच्या, गेल्या अर्धशतकाच्या इतिहासात घरातील मारहाण, डाकीण ठरवून केलेला छळ आणि सत्तेच्या आश्रयाने झालेले लैंगिक शोषण असे तीन प्रश्न ठळकपणे पुढे आले. या तिन्हींबाबत अत्याचाराचे स्वरूप प्रथम स्थानिक लोकांच्या बोलण्यातून व चळवळींतून स्पष्ट झाले आणि कायद्यात त्याला मागाहून स्थान मिळाले. कायदा झाल्यानंतरही त्याचे फलित तक्रार करणाऱ्या स्त्रीच्या पाठीशी कोण उभे राहते, यावर अवलंबून राहिले.

प्रदेश : जुन्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन भाग करण्यात आले. पूर्व खानदेशचे ठाणे जळगाव व पश्चिम खानदेशचे धुळे होते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. त्यामुळे त्यापूर्वीच्या काळात धुळे जिल्ह्याविषयी जे सांगितले जाते, त्यात शहादे, तळोदे, अक्कलकुवा व अक्राणी या सातपुड्याच्या पायथ्याच्या व डोंगराळ तालुक्यांचाही अंतर्भाव होतो. तापीकाठची काळी कसदार जमीन, कापूस व केळीची बागायत, मोठ्या जमीनदारांजवळ सालाने राबणारे भिल्ल व पावरा मजूर आणि व्यापारी शहरे असे या प्रदेशाचे अर्थजीवन राहिले आहे. मैदानी भागातील शेतकरी व व्यापारी जातींत हुंड्याची, तर आदिवासींत वधूच्या पित्यास देज देण्याची चाल आढळते. देज देणाऱ्या समाजात स्त्रीच्या श्रमाला मोल असते. तथापि नवऱ्याने तिच्यासाठी पैसे मोजलेले असल्याने तिला मारण्याचा त्याला हक्क आहे, अशी समजूतही त्यातूनच बळावते. कौटुंबिक तंटे दोन्हीकडे बहुधा पंचांपुढे मिटविले जात आणि पंचांत स्त्रिया नसत.

पूर्वीचे कायदे : भारतीय दंड संहितेत (१८६०) बलात्कार व विनयभंग हे गुन्हे मानले होते, पण पतीने पत्नीवर केलेल्या मारहाणीसाठी वेगळे कलम नव्हते. दुखापतीची सामान्य कलमेच तिला लागू होत. संहितेत संमतिवयाची मर्यादा १० वर्षांची होती. मुंबई इलाख्यात गाजलेला रखमाबाईंचा दावा (१८८४–८८) आणि बेहरामजी मलबारी यांनी केलेली चळवळ यांनंतर १८९१ मध्ये ती १२ वर्षे करण्यात आली. बालविवाह प्रतिबंधक कायदा १९२९ मध्ये झाला. द्विभार्या प्रतिबंध (१९४६), हिंदू घटस्फोट (१९४७) आणि दारूबंदी (१९४९) यांविषयीचे मुंबई प्रांताचे कायदे खानदेशासही लागू होते. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ मध्ये संमत झाला. परंतु त्याखालील गुन्हा मूळ कायद्यात अदखलपात्र होता व तक्रार एक वर्षाच्या आत करावी लागे. परिणामी सासरी राहणाऱ्या स्त्रीला त्याचा उपयोग क्वचितच झाला. एकंदरीत १९७० पर्यंतचे कायदे विवाहाचे वय, विवाहसंख्या व देवघेव यांचे नियमन करणारे होते. विवाहानंतर घरात होणारी हिंसा ही खाजगी बाब समजली जात असे.

शहाद्याची चळवळ : तत्कालीन धुळे जिल्ह्यातील शहादे तालुक्यात घरातील मारहाणीचा प्रश्न प्रथमच सार्वजनिक झाला. या भागातील आदिवासींच्या जमिनी कर्ज व फसवणूक यांमुळे मोठ्या खातेदारांकडे गेल्या होत्या. पिकांच्या राखणीसाठी जमीनदारांनी नेमलेले पहारेकरी आदिवासींवर दहशत बसवीत, तसेच आदिवासी स्त्रियांवर होणारे अत्याचार हाही तेथील रोषाचा एक विषय होता. म्हसावदजवळील पाटीलवाडी येथे १९७१ मध्ये आदिवासींवर गोळीबार झाला. त्यानंतर भिल्ल कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती (मृ. १९७४), सर्वोदयी कार्यकर्ते व बाहेरून आलेले तरुण यांच्या प्रयत्नांतून ३० जानेवारी १९७२ रोजी शहादे येथे भू-मुक्ती परिषद भरली आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना स्थापन झाली. गेलेल्या जमिनी परत मिळविणे, सालदारांचे वेतन वाढविणे व दुष्काळात कामे मिळविणे ह्या तिच्या प्रमुख मागण्या होत्या.

या लढ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने सहभागी झाल्या. मोर्चे, घेराव व गावोगावचा प्रचार यांत त्या पुढे असत. संघटनेने १९७३ च्या सुमारास स्त्रियांची शिबिरे घेतली. तेथे मजुरीबरोबरच दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्यांच्या मारहाणीची तक्रार स्त्रियांनी मांडली. ही तक्रार संघटनेच्या कार्यक्रमपत्रिकेवर नव्हती. ती स्त्रियांच्या अनुभवातून आली. तिच्यावरचा उपायही त्यांनीच योजला. गटागटाने जाऊन त्यांनी हातभट्ट्या व गुत्ते यांतील मडकी फोडली. पत्नीला मारणाऱ्या पुरुषाला गावासमोर जाब विचारणे, त्याला सर्वांदेखत माफी मागावयास लावणे, प्रसंगी चोप देणे असे प्रकार अनेक गावांत घडले. मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा कागदोपत्री असूनही या गुत्त्यांना अभय मिळत होते. त्यामुळे स्त्रियांच्या या मोहिमेत पोलीस व महसूल यंत्रणेच्या निष्क्रियतेवरचे भाष्यही अभिप्रेत होते.

या मोहिमेची वैशिष्ट्ये दोन होती. एक म्हणजे, मारहाण ही त्या त्या जोडप्याची बाब न राहता गावाची बाब झाली. मार खाणारी स्त्री एकटी तक्रार करीत नव्हती. तिच्यासोबत वस्तीतील इतर स्त्रिया असत आणि त्यामुळे तिला घराबाहेर काढण्याची धमकी निष्प्रभ ठरे. दुसरे असे की, मजुरीचा लढा व घरातील लढा हे एकमेकांस पूरक ठरले. स्त्रियांना स्वतःची मजुरी मिळू लागल्यावर दारूवर होणारा खर्च हा त्यांच्या कमाईचा प्रश्न बनला. १९७२ च्या दुष्काळापासून राबविण्यात आलेल्या आणि १९७७ मध्ये कायद्याचे रूप लाभलेल्या रोजगार हमी योजनेने या दृष्टीने मोठा आधार दिला. मात्र गावासमोर दिलेल्या शिक्षेला कायद्याचे अधिष्ठान नव्हते. संघटनेचा जोर ओसरला की तिचा धाकही कमी होई. याच प्रवाहातून पुढे श्रमिक स्त्री मुक्ती संघटना उभी राहिली. तिच्या कामात स्त्रियांचे जमिनीवरील व घरावरील हक्क हे विषयही आले. आंतरराष्ट्रीय महिला वर्षात (१९७५) पुण्यास ऑक्टोबरमध्ये भरलेल्या संयुक्त स्त्री मुक्ती संघर्ष परिषदेच्या वेळी शहाद्याचा अनुभव महाराष्ट्रातील शहरी कार्यकर्त्यांच्या परिचयाचा झालेला होता.

दारूच्या दुकानाबाबत गावातील वा प्रभागातील स्त्रियांचे मत निर्णायक मानण्याचे तत्त्व महाराष्ट्र शासनाने पुढे स्वीकारले. त्यानुसार निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी मतदानाद्वारे ‘आडवी बाटली’ या चिन्हाला कौल दिल्यास परवानाधारक दुकान बंद करता येते. राज्याच्या निरनिराळ्या भागांतील स्त्रियांच्या दारूबंदी आंदोलनांनी ही तरतूद घडवून आणली. बेकायदा हातभट्टीवर मात्र या मतदानाचा परिणाम होत नाही आणि शहाद्याच्या परिसरात मूळ तक्रार हातभट्टीविषयीच होती.

कायद्यातील बदल (१९८०–८६) : स्त्री-अत्याचारांविषयीच्या भारतीय कायद्याला वळण देणारा खटला महाराष्ट्रातीलच होता. तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील (सध्याच्या गडचिरोली जिल्ह्यातील) देसाईगंज पोलीस ठाण्यात मार्च १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याची ही तक्रार होती. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरविले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडून दिले. मुलीच्या अंगावर जखमा नसल्याने तिची संमती गृहीत धरण्यात आली होती. या निकालाविरुद्ध उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या कायद्याच्या प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ८ मार्च १९८० रोजी देशातील अनेक शहरांत या प्रश्नावर निदर्शने झाली.

त्याची परिणती १९८३ च्या दुरुस्तीत झाली. पोलिसांच्या वा अन्य अधिकाऱ्यांच्या ताब्यात असलेल्या स्त्रीने संमती नव्हती असे सांगितल्यास न्यायालयाने तसे गृहीत धरावे, खटल्याची सुनावणी बंद दालनात व्हावी, पीडित स्त्रीचे नाव प्रसिद्ध करणे हा गुन्हा मानावा आणि बलात्काराला किमान शिक्षा असावी, अशा तरतुदी तीत होत्या. त्याच वर्षी दंड संहितेत कलम ४९८-अ समाविष्ट करण्यात आले. पती वा त्याचे नातेवाईक यांनी स्त्रीशी केलेले क्रूर वर्तन हा त्यामुळे तीन वर्षांपर्यंत कारावासास पात्र असा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा ठरला. १९८६ मध्ये कलम ३०४-ब अन्वये विवाहानंतर सात वर्षांच्या आत, हुंड्यापायी छळ होऊन झालेल्या अनैसर्गिक मृत्यूस ‘हुंडाबळी’ मानून किमान सात वर्षांची शिक्षा ठरविण्यात आली. घरातील हिंसा ही राज्यसंस्थेच्या दखलीची बाब आहे, हे तत्त्व अशा रीतीने शहाद्याच्या शिबिरांनंतर दहा वर्षांनी कायद्यात आले.

मैदानी खानदेशात या कलमांचा वापर मुख्यत्वे हुंड्याच्या तक्रारींत होत राहिला. आदिवासी भागातील मारहाणीचा हुंड्याशी संबंध नसल्याने तेथे त्यांचा उपयोग कमी झाला. शिवाय फौजदारी तक्रारीचा अर्थ पतीस अटक व बहुधा संसाराचा शेवट असा होत असल्याने, ज्या स्त्रीला केवळ मार थांबवून घरात राहावयाचे होते, तिच्यासाठी हा मार्ग अवघड होता. ही उणीव २००५ च्या कायद्यापर्यंत कायम राहिली.

जळगाव प्रकरण (१९९४) : महाराष्ट्र शासनाने राज्य महिला आयोगाची स्थापना १९९३ मध्ये केली. शरद पवार मुख्यमंत्री असताना जून १९९४ मध्ये राज्याचे पहिले महिला धोरण जाहीर झाले. सरकारी नोकऱ्यांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखणे, एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क देणे यांबरोबर स्त्रियांवरील अत्याचारांचा विचारही त्यात होता. हे धोरण जाहीर झाल्यानंतर काही आठवड्यांतच, जुलै १९९४ मध्ये, जळगाव शहरातील लैंगिक शोषणाचे प्रकरण उघडकीस आले. शाळा-महाविद्यालयांतील मुली व तरुण स्त्रिया यांना ओळखीच्या, नोकरीच्या वा अन्य आमिषाने जाळ्यात ओढावयाचे, त्यांची छायाचित्रे वा चित्रफिती काढावयाच्या आणि त्या उघड करण्याची धमकी देऊन त्यांच्यावर पुनःपुन्हा अत्याचार करावयाचे, असे या तक्रारींचे स्वरूप होते. हा प्रकार काही वर्षे चालू होता आणि त्यात स्थानिक राजकारणात वजन असलेल्या व्यक्ती गुंतल्या आहेत, असे आरोप झाले.

प्रकरणाचे गांभीर्य पाहून तपास स्थानिक पोलिसांवर न सोपविता अरविंद इनामदार यांच्या नेतृत्वाखाली वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या विशेष पथकाकडे देण्यात आला. मीरा बोरवणकर यांचा त्यात समावेश होता. खटल्यांसाठी विशेष न्यायालयाची व्यवस्था करण्यात आली. राज्यभरच्या स्त्री-संघटनांनी मोर्चे काढले, जळगावला भेटी दिल्या व पीडितांना धीर देण्याचा प्रयत्न केला. वृत्तपत्रांतून पीडितांची संख्या शेकड्यांनी सांगितली जात होती. प्रत्यक्षात फिर्याद देण्यास पुढे आलेल्या स्त्रिया मात्र मोजक्याच होत्या. काही खटल्यांत शिक्षा झाल्या, पण अपिलात उच्च न्यायालयाने शिक्षा झालेल्यांपैकी काहींची निर्दोष मुक्तता केली.

या दोन संख्यांतील अंतर हाच या प्रकरणाचा मुख्य धडा होय. १९८३ च्या दुरुस्तीने नाव प्रसिद्ध करण्यास बंदी केली होती. तथापि जळगावसारख्या शहरात मुलीची शाळा, पेठ वा जात कळली, तरी तिची ओळख पटे. वृत्तपत्रांच्या सततच्या गाजावाजामुळे संशय सर्वच मुलींवर पसरला आणि शहरातील मुलींचे विवाह जमण्यात अडचणी येऊ लागल्याची चर्चा त्या काळी होती. तक्रार करणे म्हणजे स्वतःच्या व बहिणींच्या लग्नाचा मार्ग बंद करणे, असे कुटुंबांस वाटले. कायद्याचा पुरेसा आधारही तेव्हा नव्हता. भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम १५५(४) अन्वये बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्रीचे चारित्र्य सामान्यतः वाईट आहे, असे दाखवून तिच्या साक्षीवर अविश्वास व्यक्त करण्याची मुभा आरोपीस होती. ही तरतूद २००३ मध्ये रद्द झाली. छायाचित्राची धमकी देऊन मिळविलेला होकार व खरी संमती यांतील फरक न्यायालयात सिद्ध करणे कठीण होते. धमकी हेच विलंबाचे कारण असूनही उशिरा केलेली फिर्याद संशयास्पद ठरे. साक्षीदारांच्या संरक्षणाची कोणतीही व्यवस्था नव्हती.

जळगाव प्रकरणात दिसलेल्या या त्रुटी भरून काढणाऱ्या तरतुदी पुढील अडीच दशकांत, निरनिराळ्या घटनांच्या निमित्ताने, टप्प्याटप्प्याने झाल्या. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या २००८ मधील दुरुस्तीने व्यक्तीच्या खाजगी अवयवांचे तिच्या संमतीवाचून चित्रण व प्रसारण करणे हा गुन्हा ठरविला. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा २०१२ मध्ये झाला. त्यानुसार १८ वर्षांखालील मुलीच्या बाबतीत संमतीचा प्रश्नच उपस्थित होत नाही (१९९४ मध्ये ही मर्यादा १६ वर्षांची होती). दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीच्या शिफारशींच्या आधारे फौजदारी कायद्यात २०१३ मध्ये व्यापक दुरुस्ती झाली. तीनुसार स्त्रीचे चोरून चित्रण करणे व तिचा पाठलाग करणे हे स्वतंत्र गुन्हे झाले. स्त्रीने चित्रणास संमती दिली असली, तरी त्याच्या प्रसारणास ती दिली आहे असे होत नाही, हे स्पष्टपणे नमूद करण्यात आले. गंभीर लैंगिक गुन्ह्याची फिर्याद नोंदविण्यास टाळाटाळ करणारा पोलीस अधिकारीही शिक्षेस पात्र ठरला. साक्षीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना सर्व राज्यांना बंधनकारक केली.

डाकीण प्रथा : सातपुड्यातील भिल्ल व पावरा वस्त्यांत आजारपण, अपमृत्यू वा गुरांची हानी झाली असता त्याचे खापर एखाद्या स्त्रीवर फोडून तिला डाकीण ठरविण्याची प्रथा आढळते. बडवा वा भगत हा डाकीण कोण ते सांगतो. अशा स्त्रीला मारहाण करणे, तिची धिंड काढणे, तिला गावाबाहेर घालविणे, क्वचित ठार मारणे असे प्रकार घडतात. डाकीण ठरविलेली स्त्री पुष्कळदा विधवा वा एकटी असते आणि तिच्या वाट्याच्या जमिनीवर आप्तांचा डोळा असतो. त्यामुळे या प्रथेमागे अंधश्रद्धेबरोबर मालमत्तेचा व वैराचाही हेतू असतो. खून वा दुखापत झाल्यास दंड संहितेची कलमे लागू होत. परंतु डाकीण ठरविणे, म्हणजे पुढील सर्व हिंसेचे मूळ, हा स्वतंत्र गुन्हा नव्हता. बिहारने १९९९ मध्ये या प्रथेविरुद्ध स्वतंत्र कायदा केला.

महाराष्ट्रात नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणाऱ्या कायद्यासाठी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती दीर्घकाळ प्रयत्नशील होती. समितीचे प्रमुख नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाल्यावर त्याच महिन्यात वटहुकूम निघाला व डिसेंबर २०१३ मध्ये कायदा संमत झाला. एखादी व्यक्ती करणी वा चेटूक करते, तिच्यामुळे रोगराई येते वा गुरे दूध देत नाहीत, असे सांगून तिच्याविषयी दहशत व संशय निर्माण करणे हा या कायद्यान्वये गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड अशी शिक्षा सांगितली आहे. पोलीस निरीक्षकापेक्षा कमी नसलेल्या दर्जाच्या अधिकाऱ्यास दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. हिंसेच्या आधीच्या टप्प्यावर हस्तक्षेप करता येणे हे या कायद्याचे महत्त्व होय. मात्र डोंगराळ भागातील गाव ते पोलीस ठाणे हे अंतर, भाषेची अडचण आणि ज्या गावाने डाकीण ठरविले त्याच गावातून साक्षीदार मिळविण्याची निकड या बाबी तो अमलात आणताना आड येतात. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध महाराष्ट्राने केलेला सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा (२०१६, अंमल २०१७) या संदर्भात पूरक ठरतो.

मुलींची घटती संख्या : स्त्रीविरोधी हिंसेचे एक रूप जन्मापूर्वीचे आहे. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला; केंद्रीय कायदा १९९४ मध्ये झाला व २००३ मध्ये अधिक कडक करण्यात आला. असे असूनही जळगाव जिल्ह्यात ० ते ६ वर्षे वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ८८० होती, ती २०११ मध्ये ८४२ पर्यंत घसरली. राज्याची सरासरी २०११ मध्ये ८९४ होती. या गुन्ह्यात तक्रार करणारे कोणी नसते. कुटुंब व डॉक्टर हे दोघेही गुप्ततेत सहभागी असतात. म्हणून सोनोग्राफी केंद्रांची नोंदणी व कागदपत्रांची तपासणी हाच येथील अंमलबजावणीचा मुख्य मार्ग राहिला आहे.

यंत्रणा व योजना : कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा २००५ मध्ये संमत होऊन २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक व आर्थिक अशा चारही प्रकारच्या छळाचा त्यात समावेश आहे. पतीस तुरुंगात न घालताही मारहाण थांबविण्याचा आदेश, राहत्या घरात राहण्याचा हक्क, निर्वाहखर्च व मुलांचा ताबा यांसाठी दंडाधिकाऱ्याकडे दाद मागता येते. त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमले जातात. शहाद्याच्या स्त्रियांची मूळ मागणी, म्हणजे घर न मोडता मार थांबविणे, या कायद्याने प्रथम मान्य केली. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केलेल्या ‘महिला व मुलांसाठी विशेष कक्षा’चा विस्तार पुढे शासनाने जिल्ह्या-जिल्ह्यांत केला. पोलीस ठाण्याच्या आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ती उपलब्ध असावी, ही त्यामागील कल्पना आहे. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार व आम्लहल्ला यांतील पीडितांस अर्थसाहाय्य, समुपदेशन व कायदेविषयक मदत देणारी ‘मनोधैर्य’ योजना राज्याने २०१३ मध्ये सुरू केली. २०१७ मध्ये साहाय्याची कमाल रक्कम १० लाख रुपये करण्यात आली. वैद्यकीय, पोलीस व निवाऱ्याची मदत एकाच जागी देणारी ‘सखी’ केंद्रे २०१५ पासून देशभर जिल्हास्तरावर स्थापन होऊ लागली. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून महाराष्ट्रात ग्रामसेवकावर जबाबदारी सोपविण्यात आली.

पहिल्या महिला धोरणानंतर २००१, २०१४ व २०२४ मध्ये राज्याने सुधारित धोरणे जाहीर केली. पंचायत राज्य संस्थांत स्त्रियांसाठी १९९० च्या दशकात एकतृतीयांश व २०११ पासून निम्म्या जागा राखीव झाल्या. त्यामुळे एके काळी पंचांत नसलेल्या स्त्रिया ग्रामपंचायतीत बसू लागल्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. त्या संहितेत स्त्रिया व बालके यांच्याविरुद्धचे गुन्हे एका स्वतंत्र प्रकरणात एकत्र आणले असून ४९८-अ ची तरतूद कलम ८५ व ८६ मध्ये, तर हुंडाबळीची तरतूद कलम ८० मध्ये आहे. पतीने पत्नीवर केलेली लैंगिक बळजबरी मात्र पूर्वीप्रमाणेच बलात्काराच्या व्याख्येबाहेर ठेवण्यात आली आहे.

मूल्यमापन : कलम ४९८-अ चा गैरवापर होतो, असा आक्षेप घेतला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा गुन्ह्यात आरोपीस सरसकट अटक करू नये, असे निर्देश दिले. दुसऱ्या बाजूस, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) देशातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी २९·३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले; परंतु शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्क्यांनी कोणाकडे मदत मागितली होती, आणि त्यांपैकी बहुतेकींनी ती माहेरच्या माणसांकडेच मागितली. न्यायालयासमोर येणाऱ्या तक्रारींवरून हिंसेच्या प्रमाणाचा अंदाज बांधता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

खानदेशच्या इतिहासाचा निष्कर्षही याच दिशेने जातो. शहाद्यात कायदा अपुरा होता, पण स्त्रियांचा समूह सोबत असल्याने तक्रार उघडपणे झाली. जळगावमध्ये कायदा, विशेष पथक व विशेष न्यायालय हे सर्व असूनही पीडितेसोबत उभे राहणारा समूह तिच्या गल्लीत वा घरात नव्हता, म्हणून बहुतेकींनी मौन पत्करले. सातपुड्यात गुन्हा गावानेच केलेला असल्याने आधार गावाबाहेरून यावा लागतो. १९९४ नंतरच्या धोरणांतील समुपदेशन कक्ष, संरक्षण अधिकारी, साक्षीदार संरक्षण व पीडितांस साहाय्य या तरतुदींचा रोख ही उणीव भरून काढण्याकडे आहे. संरक्षण अधिकाऱ्यांवर सोपविलेली इतर कामे, विशेष कक्षांतील समाजकार्यकर्त्यांची अल्प संख्या व दुर्गम तालुक्यांतील वाहतुकीची अडचण यांवर मात करून ही यंत्रणा तालुक्याच्या गावापलीकडे कितपत पोहोचते, यावर या धोरणाचे यश मोजावे लागेल.